गार, ऊन आणि दे

ग्रीक शिकायला बसले तेव्हा माझे वय ५४ होते आणि पाठांतराची सवय सुटून जमाना झाला होता. नामांची रूपे, क्रियापदांचे काळ कसेबसे डोक्यात बसले. बसेनात ते बारीकसारीक शब्द. प्रत्येक वाक्यात दोन-तीन, कधी एकाला लागून दुसरा, आणि कोशात प्रत्येकापुढे अर्थांची ही रांग. शेवटी मराठीच मदतीला आली. कारण सांगणारा शब्द 'गार'. 'तेव्हा', 'म्हणून' सांगणारा 'ऊन'. मागच्या वाक्याला पुढचे वाक्य जोडणारा आणि जोडताना थोडा फरक दाखवणारा 'दे'. एखाद्या शब्दावर बोट ठेवणारा 'गे'. आणि 'आणि'साठी 'काइ', म्हणजे जवळजवळ आपला 'काय'. गार, ऊन, दे, गे, काय: बडोद्याच्या घरी भाजी निवडताना मी ही यादी घोकत असे. ऐकणाऱ्याला ते स्वयंपाकघरातलेच बोलणे वाटावे. एक 'मेन' तेवढा उपरा राहिला.

पुढे काही वर्षांनी प्लेटोच्या 'अपोलॉजी'चा, म्हणजे सॉक्रेटिसने न्यायालयात केलेल्या भाषणाचा, मी मराठीत अनुवाद केला आणि एका संपादकांकडे पाठवला. हस्तलिखित परत आले ते लाल शाईने भरलेले. पहिल्याच पानावर 'तर', 'मात्र', 'तरी', 'ना', 'खरे म्हणजे' असे सतरा शब्द कापलेले होते. समासात शेरा होता : 'पाल्हाळ. काढल्याने अर्थ बदलत नाही.' संपादक चोख माणूस. त्यांच्या कात्रीने माझे आधीचे लेखन सुधारलेच होते. त्यामुळे रागावण्याआधी विचार करणे भाग होते. खरेच अर्थ बदलत नाही का? हा लेख त्या विचाराचा हिशेब आहे.

आधी ते पहिले पानच पाहू. साल इ.स.पू. ३९९. सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस आयुष्यात पहिल्यांदा न्यायालयापुढे उभा आहे. समोर शेकडो नागरिक न्यायाधीश म्हणून बसले आहेत आणि फिर्यादींची भाषणे नुकतीच संपली आहेत. तो काय म्हणतो ते थोडक्यात असे : फिर्यादींच्या बोलण्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला मला ठाऊक नाही, मी स्वतः जवळजवळ भान हरपलो होतो, इतके ते पटण्याजोगे बोलले, पण खरे असे त्यात काही नव्हते. एवढ्या दोन-तीन ओळींत ग्रीक पाठात 'मेन' आहे, 'दे' आहे, त्याला चिकटून 'ऊन' आहे, 'काइ' आहे, पुढे 'काइतोइ' आणि 'गे' आहे.

'मेन' आणि 'दे' ही जोडी. 'मेन' आला की ऐकणाऱ्याने समजायचे की ही अर्धी बाजू झाली, दुसरी येते आहे. 'दे' आला की ती आली. इंग्रजी शाळांतून ही जोडी 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे' अशा अर्थाने शिकवत आले आहेत, आणि त्या भाषांतराने ती उगाच जड होते. मराठीत मला वेगळी जोडी सापडली. 'तो तर गेला, मी मात्र राहिले.' पहिल्या खंडातला 'तर' ऐकला की कान पुढच्या 'मात्र'ची वाट पाहू लागतात. 'मात्र' वाक्याच्या तोंडाशी येत नाही. आधी 'मी' यावे लागते, मग 'मात्र'. 'दे'चेही तसेच. तो खंडाच्या पहिल्या जागी कधी उभा राहत नाही, एखाद्या शब्दाला पुढे करून त्याच्या मागे येतो.

'गे' त्या उताऱ्यात 'खरे' या शब्दाच्या पाठीला लागून येतो. त्यामुळे सगळा जोर तेवढ्या एका शब्दावर पडतो : बोलणे गोड असेल, पटणारे असेल, पण खरे म्हणाल तर काही नाही. हा 'गे' काढला तर विधान उरते आणि तिरकसपणा जातो.

सॉक्रेटिस पुढे लगेच सांगतो की मी फिर्यादींसारखे सजवलेले भाषण करणार नाही. बाजारात, सावकारांच्या पेढ्यांपाशी जसा बोलतो तसाच, सुचतील त्या शब्दांत बोलेन. हे म्हणणे खरे की तीही एक वक्तृत्वाचीच युक्ती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण तो वाद ज्या पुराव्यावर चालतो तो पुरावा म्हणजे त्याच्या बोलण्याची चाल, आणि ती चाल या बारीक शब्दांत आहे. माझ्या अनुवादातले सतरा शब्द गेल्यावर उरलेला सॉक्रेटिस नीटनेटका, आटोपशीर बोलत होता. म्हणजे नेमका फिर्यादींसारखा.

ग्रीकांना हे शब्द इतके का लागावेत, याचे एक कारण त्यांच्या पोथ्यांत आहे. पपायरसच्या गुंडाळ्यांवर अक्षरे सलग लिहीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. वाचायचे ते बहुधा मोठ्याने. अशा अक्षरांच्या ओळीत नवा खंड कोठे सुरू झाला, तो मागच्याचे कारण आहे की निष्कर्ष, विरोध आहे की पुरवणी, हे सांगणारे कोणी हवे. 'गार' म्हणजे कारण आले. 'ऊन' म्हणजे धागा पुन्हा हाती घेतला. 'अल्ला' म्हणजे ते सोडा, हे घ्या. आपण आज पूर्णविराम, अपूर्णविराम आणि नवा परिच्छेद यांच्याकडून जे काम घेतो, त्यातले बरेच काम हे शब्द करत होते. म्हणून ग्रीक गद्यात विनाकारण बिनजोड वाक्य सहसा येत नाही. आले तर लेखकाला काही साधायचे असते. ॲरिस्टॉटलने 'वक्तृत्वशास्त्र' या ग्रंथाच्या अगदी शेवटी सांगितले आहे की भाषणाचा समारोप बिनजोड वाक्यांनी करावा. आणि स्वतःचा ग्रंथ त्याने तसाच संपवला आहे : चार क्रियापदे, मध्ये एकही जोडशब्द नाही.

त्याच ग्रंथात तो एक व्यवहारी सूचनाही करतो. 'मेन' म्हटलात तर 'दे' वेळेवर द्या. मध्ये इतकी वाक्ये घुसवू नका की ऐकणारा पहिला विसरून जाईल. म्हणजे हे शब्द ऐकणाऱ्याशी केलेले करार आहेत, याची त्याला जाणीव होती. तरी 'काव्यशास्त्र' या दुसऱ्या ग्रंथात व्याख्या करायची वेळ आली तेव्हा त्याने या शब्दांना अर्थशून्य ध्वनी म्हटले. नाम आणि क्रियापद यांना अर्थ, जोडणाऱ्याला नाही.

ग्रीक व्याकरणात या वर्गाचे नाव 'सिन्देस्मोस', म्हणजे एकत्र बांधणारा. वैद्यकात सांध्यांवरच्या अस्थिबंधांनाही हाच शब्द. दिओनिसिओस थ्राक्सच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि 'सिन्देस्मोस' ही त्यांतली शेवटची. तिचे पोटभेद केले आहेत : जोडणारे, विकल्प दाखवणारे, अट घालणारे, कारण देणारे, शंका विचारणारे, निष्कर्ष काढणारे. आणि यादीच्या शेवटी 'पाराप्लेरोमातिकोइ', म्हणजे भर घालणारे, वृत्तासाठी किंवा शोभेसाठी आलेले. आपला 'गे' याच शेवटच्या डब्यात पडला.

ही तक्रार जुनीच. इ.स.पू. ४०५ साली रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफनीसच्या 'बेडूक' या नाटकात युरिपिडीस आणि एस्किलस हे दोन मेलेले नाटककार पाताळात भांडतात, आणि युरिपिडीस फुशारकी मारतो की माझ्या ओळींत कोठे भरताड सापडली तर माझ्यावर थुंका. तिथे वापरलेला शब्द आहे 'स्तोइबे', म्हणजे पोकळी बुजवायला ठासून भरण्याची वस्तू, आपला पेंढा म्हणा. माझ्या संपादकांच्या 'पाल्हाळ' या शेऱ्याला एवढी जुनी परंपरा आहे.

हाच प्रश्न आपल्याकडेही स्वतंत्रपणे उभा राहिला होता, हे वाचून मला गंमत वाटली. यास्काने 'निरुक्ता'त शब्दांच्या चार जाती सांगितल्या : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. निपातांचे पुन्हा तीन प्रकार. उपमा देणारे, अर्थांची जोड दाखवणारे, आणि तिसरे पादपूरण, म्हणजे चरण भरून काढणारे. 'कम्', 'ईम्', 'इत्', 'उ' हे त्याने तिसऱ्यात टाकले. अलेक्झांड्रियाचे व्याकरणकार आणि वेदांचा निरुक्तकार यांची कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. पण दोघांकडेही पिढ्यानपिढ्या जपलेले पद्य होते, त्या पद्यात हे शब्द होते, आणि बोट ठेवून अर्थ सांगता येईना तेव्हा दोघांनीही 'भर' असा एक कप्पा करून ठेवला.

तो कप्पा पहिल्यांदा नीट उपसला तो इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अपोलोनिओस दिस्कोलोसने. जोडशब्दांवर त्याने लिहिलेला स्वतंत्र प्रबंध आजही उपलब्ध आहे. त्याचे म्हणणे, या शब्दांना सरसकट पोकळ ठरवता येणार नाही. 'गे' कमी करतो, मर्यादा घालतो : 'निदान एवढे'. हे वाचताना मी थांबले. मराठीत याला तयार शब्द आहे. 'एवढे तरी कर' म्हणणारी आई आणि 'एवढे कर' म्हणणारी आई एकच गोष्ट मागत नसते. पहिलीने बाकी सगळ्यावर पाणी सोडलेले असते.

आता इतिहासाकडे वळते, कारण या शब्दांनी इतिहासाचीही कामे केली आहेत.

थ्युसिडिडीसने अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाचा इतिहास लिहिला. तो इ.स.पू. ४११ च्या घटनांपर्यंत येऊन एकदम तुटतो. युद्ध संपायला अजून सात वर्षे आहेत, पण ग्रंथ पुढे नाही. झेनोफनने आपला इतिहास तिथून पुढे लिहिला, इ.स.पू. ३६२ च्या मॅन्टिनियाच्या लढाईपर्यंत. त्याच्या ग्रंथाला प्रस्तावना नाही. आपले नाव नाही, हेतू नाही. पहिल्याच वाक्याच्या तोंडाशी 'यानंतर' अशा अर्थाचे दोन शब्द आहेत आणि त्या दोहोंच्या मधोमध 'दे' बसला आहे. कशानंतर? त्याच्या ग्रंथात तर आधी काहीच नाही. तो 'दे' दुसऱ्याच माणसाच्या पुस्तकाला जोडलेला आहे. अपुऱ्या राहिलेल्या कामाचे टोक उचलल्याची खूण म्हणून दोन अक्षरांचा एक शब्द, बस. भाषांतरात तो गाळला तर 'यानंतर' उरते, गोष्ट चालू राहते, आणि पुस्तक दुसऱ्या पुस्तकाला शिवलेले होते तो टाका दिसेनासा होतो.

दुसरे उदाहरण प्लेटोचेच. त्याचे संवाद कोणत्या क्रमाने लिहिले गेले हे त्याने कोठे सांगितलेले नाही. एकोणिसाव्या शतकात अभ्यासक विचारांच्या वाढीवरून क्रम लावू पाहत, आणि प्रत्येकाचा क्रम वेगळा निघे. १८८१ साली जर्मन पंडित विल्हेल्म डिटेनबर्गर याने विचार बाजूला ठेवले आणि बारीक शब्द मोजले. संवादात समोरचा माणूस होकार देताना 'ती मेन' म्हणतो, अर्थ साधारण 'नाही तर काय!' किंवा 'दुसरे काय असणार!' (हा 'मेन' दीर्घ एकाराचा, जोडीतल्या 'मेन'चा भाऊबंद.) काही संवादांत हा होकार एकदाही येत नाही, 'रिपब्लिक', 'फिड्रस', 'लॉज' अशा संवादांत मात्र पुष्कळदा येतो. डिटेनबर्गरने यावरून दोन गट पाडले आणि सुचवले की ही लकब प्लेटोने सिसिलीच्या प्रवासात तिथल्या डोरिक बोलीतून उचलली असावी. सिसिलीचा तर्क कोणी मानो न मानो, पुढे अशाच मोजणीतून संवादांच्या कालक्रमाचा जो सांगाडा उभा राहिला तो बऱ्याच अंशी आजही वापरात आहे. विचार माणूस ठरवून मांडतो, लपवतो, बदलतो. 'नाही तर काय' कोणी ठरवून म्हणत नाही, म्हणून त्याची साक्ष जास्त भरवशाची.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे, कारण त्यात आपला एक राजा आहे. अफगाणिस्तानात कंदाहार येथे अशोकाचे ग्रीक भाषेतले लेख सापडले. १९५८ साली प्रकाशात आलेला लेख ग्रीक आणि अरामाईक असा द्वैभाषिक आहे. १९६३ साली सापडलेल्या दुसऱ्या शिळेवर बाराव्या शिलालेखाचा शेवटचा आणि तेराव्याचा सुरुवातीचा भाग ग्रीकमध्ये आहे. बारावा लेख पंथोपपंथांनी एकमेकांशी कसे बोलावे याविषयीचा. आपल्याच पंथाची वाखाणणी आणि दुसऱ्याची निंदा टाळावी, वाणीचा संयम राखावा, असे तो सांगतो. धम्मासाठी अनुवादकाने 'एउसेबेइया' हा शब्द घेतला, पंथासाठी तत्त्वज्ञांच्या शाळांना लावायचा 'दिआत्रिबे'. या दोन शब्दांवर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे. माझी नजर अर्थातच बारीक शब्दांकडे गेली.

द्वैभाषिक लेखात वाक्यामागून वाक्य 'काइ'ने जोडले आहे : आणि, आणि, आणि. फर्मान वाचून दाखवल्यासारखे. दुसऱ्या शिळेची चाल वेगळी आहे. गिरनारच्या प्राकृत पाठात, या सगळ्याचे मूळ वाणीचा संयम, असे सांगताना वाक्यात दुसऱ्या जागी 'तु' आहे. ग्रीक पाठात संयमी कोण हे सांगणाऱ्या वाक्यात दुसऱ्या जागी 'दे' आहे. 'तु'ला 'दे', आणि जागाही तीच. पुढे दुसऱ्यांची निंदा करू नये असे म्हटल्यावर ग्रीक अनुवादक एक लहानसे वाक्य जोडतो : कारण ते पोकळ आहे. त्यात 'गार' आहे. गिरनारच्या पाठात तिथे अप्रसंगी निंदा नको एवढेच आहे, 'कारण' म्हणणारा शब्द नाही. ग्रीक वाचकाला नुसती आज्ञा पुरायची नाही, त्याला कारण लागेल, असे त्या निनावी अनुवादकाला वाटले असावे. सम्राटाच्या आज्ञेचे त्याने एका 'गार'ने युक्तिवादात रूपांतर केले. तेवीसशे वर्षांपूर्वी दोन भाषांच्या मध्ये बसून त्याने जे केले तेच मी माझ्या टेबलावर करत होते. मला तो सहकारी वाटतो.

'तु' आणि 'दे' यांची जागा जुळणे हा योगायोग नाही. १८९२ साली स्वित्झर्लंडच्या याकोब वाकरनागेलने दाखवून दिले की ग्रीक, वैदिक संस्कृत अशा भाषांत आघात नसलेले बारीक शब्द वाक्यात दुसऱ्या जागी ओढले जातात आणि ही सवय त्यांच्या सामायिक पूर्वज भाषेतून आलेली आहे. एवढेच काय, ग्रीक 'ते', लॅटिन 'क्वे' आणि संस्कृत 'च' हे मुळात एकच शब्द. तिघांचा अर्थ 'आणि', तिघेही जोडायच्या शब्दाच्या मागे लागतात. (मराठीतला 'मीच'मधला 'च' हा सरळ तो 'च' नव्हे. त्याचा पूर्वज महाराष्ट्री प्राकृतातला 'च्चिअ' मानतात. पण मागे चिकटून राहायची खोड त्याचीही तीच.)

या शब्दांपायी माणसे आयुष्य घालवतात, यावर विनोदही झाले. १८५५ साली छापलेल्या एका कवितेत रॉबर्ट ब्राउनिंगने असा व्याकरणकार रंगवला की जो कमरेखाली लुळा पडला तरी 'ऊन' आणि 'दे' यांचा निकाल लावत होता. हसावे की नमस्कार करावा हे ब्राउनिंगने वाचकावर सोडले. पुढे १९३४ साली ऑक्सफर्डच्या जे. डी. डेनिस्टनने फक्त या शब्दांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या मृत्यूनंतर १९५४ साली निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीची पाने ६००हून अधिक आहेत. अजूनही 'गे' अडला की त्यातच पाहायचे.

एवढे सगळे जमवून मी संपादकांना दूरध्वनी केला. त्यांनी ऐकून घेतले. 'तर' आणि 'मात्र'ची जोडी त्यांना पटली, आईचा 'तरी' तर फारच. मग म्हणाले, "बाई, सगळे खरे. पण तुमच्या तिसऱ्या पानावर चार ओळींत पाच 'तर' आहेत. असे कोण बोलते?"

मी पान काढून पाहिले. ग्रीकमध्ये जिथे जिथे 'मेन' होता तिथे तिथे मी इमाने 'तर' ठेवला होता. देमेत्रिओस या नावाने आपल्यापर्यंत आलेल्या शैलीवरच्या ग्रंथात हीच सूचना आहे : 'मेन'ला 'दे' असे काटेकोर जुळवत बसू नये, फार नेमकेपणात क्षुद्रता असते. मी ती वाचली होती, टिपूनही ठेवली होती, आणि दुसऱ्यांना ऐकवण्यापुरतीच लक्षात ठेवली होती.

आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक कापलेला शब्द मोठ्याने वाचायचा, मग शब्दाशिवाय वाचायचे, आणि ठरवायचे. सतरापैकी अकरा परत आले. सहा गेले ते योग्यच गेले, कारण मराठी वाक्याची चालच तिथे ते काम करत होती. सॉक्रेटिसच्या 'खरे'मागचा 'गे' मात्र बराच वेळ अडून बसला. शेवटी "खरे म्हणाल तर" यावर आम्ही थांबलो. 'तर' पुन्हा आला, पण या वेळी संपादकांनीच सुचवला.